हँडहेल्ड कन्सोल घ्यावा का? यंत्राआधी आपला फावला वेळ तपासा

‘थांब जरा, वर्षभरात स्वस्त होईल.’ इलेक्ट्रॉनिक वस्तू घ्यायची म्हटलं की हा सल्ला हमखास मिळतो. गेम कन्सोलच्या बाबतीत तो बरीच वर्षं खराही होता. निन्टेंडोने २०११ मध्ये ‘३डीएस’ आणला आणि सहा महिन्यांच्या आत त्याची किंमत धाडकन उतरवली. पहिल्या आठवड्यात रांगा लावणारे हळहळले, थांबलेले खूश झाले.

आता गंगा उलटी वाहते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये निन्टेंडोने आपल्या मूळ ‘स्विच’ची अमेरिकेतली किंमत वाढवली. हे यंत्र २०१७ सालचं, म्हणजे आठ वर्षं जुनं. आयात शुल्क वाढलं, पुढे एआयच्या डेटा सेंटरना मेमरी चिप्स अपुऱ्या पडू लागल्या आणि त्याच चिप्स कन्सोललाही लागतात. दुसरीकडे ‘स्विच २’, ‘स्टीम डेक’, ‘रॉग एक्सबॉक्स अ‍ॅली’ अशी नावं रोज कानावर पडतात, यूट्यूबवर प्रत्येकाची तुलना चालू असते, आणि त्या तुलना पाहून माणूस आणखीच गोंधळतो. कारण त्या ‘कोणता घ्यावा’ हे सांगतात. ‘मुळात घ्यावा का’ हा प्रश्न तसाच राहतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हँडहेल्ड घ्यायचा की नाही हे प्रोसेसर, पडदा, रॅम यांवरून ठरवू नये. तुमचा खेळायचा वेळ दिवसात कुठे आणि किती तुकड्यांत मिळतो आणि तुम्हाला नेमके कोणते गेम खेळायचेत, या दोन गोष्टींवर निम्म्याहून जास्त निकाल लागतो. आता असं का, ते पाहू.

## एकाच नावाखाली चार वेगळी यंत्रं

हँडहेल्ड म्हणजे पडदा, बटणं, बॅटरी आणि संगणक हे सगळं एकाच अंगात असलेला, दोन्ही हातांत धरून खेळायचा कन्सोल. व्याख्या सोपी आहे, पण दुकानात या नावाखाली चार वेगळे प्राणी बसलेले असतात.

पहिला प्रकार निन्टेंडोचा. स्विच आणि स्विच २ वर फक्त त्या यंत्रासाठी बनवलेले गेम चालतात. मारिओ, झेल्डा किंवा पोकेमॉनचे मुख्य गेम खेळायचे असतील तर दुसरी वाट नाही. त्या बदल्यात डोकेदुखी नाही: गेम टाकला की चालतो.

दुसरा प्रकार म्हणजे हातात मावणारा पीसी. वॉल्व्हचा स्टीम डेक (२०२२), एसूसचा रॉग अ‍ॅली (२०२३), लेनोवोचा लीजन गो. यांवर कॉम्प्युटरचे गेम चालतात. स्टीम या वॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानातल्या तुमच्या खात्यात आधीच दहा-वीस गेम पडून असतील तर ते फुकटात नव्या यंत्रावर येतात, ही यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

तिसरा प्रकार फसवा आहे: दिसायला कन्सोल, पण स्वतः गेम चालवत नाही. सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल २०२३ मध्ये आला तेव्हा तो घरातल्या पीएस५ वर, म्हणजे सोनीच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर, चाललेला गेम वायफायवरून दाखवायचा, बस. नंतर त्यात क्लाउडची, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरून गेम खेळायची सोय आली, तरी इंटरनेट गेलं की तो नुसता पडदा उरतो. अनेकांनी तो ‘नवा पीएसपी’ (सोनीचा जुना हँडहेल्ड) समजून घेतला आणि पस्तावले.

चौथा प्रकार जुन्या गेमांचा. अँबर्निक, मियू, रेट्रॉइड या कंपन्यांची छोटी यंत्रं एम्युलेटरवर चालतात. एम्युलेटर म्हणजे जुन्या कन्सोलची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. यंत्र सुंदर, स्वस्त आणि खिशात मावणारं. फक्त सोबत येणाऱ्या मेमरी कार्डावर ‘हजारो गेम मोफत’ असं लिहिलेलं असतं, त्या गेमांची परवानगी कोणीही घेतलेली नसते, हे ठाऊक असावं.

## किंमत अशी का?

दोन यंत्रांच्या आतल्या चिप्स जवळपास सारख्याच ताकदीच्या, तरी किंमतीत मोठी तफावत. हे कोडं सोडवायचं तर कंपनी पैसे कुठून कमावते ते पाहावं लागतं.

वॉल्व्हचं स्वतःचं दुकान आहे: स्टीम. तिथे विकल्या जाणाऱ्या गेमवर कंपनी साधारण ३० टक्के कापून घेते. त्यामुळे स्टीम डेकवर तिला फार नफा नको असतो, डेक घेतलेला माणूस पुढची पाच वर्षं स्टीमवरून गेम घेणार आहे. निन्टेंडोचंही तेच, शिवाय तिचे स्वतःचे गेम फारसे स्वस्तही होत नाहीत. एसूस आणि लेनोवोकडे गेमचं दुकान नाही. त्यांना जे काही कमवायचं ते यंत्र विकतानाच. म्हणून त्यांची यंत्रं महाग वाटतात.

यातून ग्राहकाने घ्यायचा बोध असा की डब्यावरची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता आहे. निन्टेंडोचं यंत्र मध्यम किंमतीचं आणि गेम महाग. हातातला पीसी यंत्र म्हणून महाग, पण स्टीमच्या सेलमध्ये दोन-तीन वर्षं जुने उत्तम गेम मूळ किंमतीच्या पाव हिश्श्यात मिळतात. वर्षाला दोनच गेम खेळणाऱ्याला पहिला परवडेल, दर महिन्याला नवं काही चाखून पाहणाऱ्याला दुसरा. हा हिशोब कागदावर मांडायला दहा मिनिटं लागतात, आणि बहुतेक लोक तेवढाच करत नाहीत.

वरखर्चही धरा. स्विच २ मध्ये २५६ जीबी जागा आहे आणि ती वाढवायला ‘मायक्रोएसडी एक्सप्रेस’ नावाचंच कार्ड लागतं. जुन्या स्विचमधलं साधं कार्ड गेमसाठी चालत नाही. हातातल्या पीसीत साधं कार्ड चालतं, पण मोठे गेम जागा खातात: ‘बाल्डर्स गेट ३’ एकटाच १५० जीबी मागतो. त्यात कव्हर, काच, चार्जर, मोठी बॅग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही.

## खरी करामत: मध्येच थांबवता येणं

जाहिरातीत जिचा उल्लेखही नसतो, पण माझ्या मते हँडहेल्ड घेण्याचं जे एकमेव ठोस कारण आहे, ती गोष्ट म्हणजे स्लीप.

स्विच किंवा स्टीम डेकवर गेम ऐन रंगात असताना पॉवरचं बटण एकदा दाबा. पडदा काळा होतो, पंखा थांबतो. तीन तासांनी, किंवा दुसऱ्या दिवशी, पुन्हा तेच बटण दाबा. काही सेकंदांत तुम्ही त्याच पुलावर उभे असता, तलवार तशीच उगारलेली आणि समोरचा शत्रू तसाच अर्ध्या उडीत. ना लोगो, ना मेनू, ना ‘सेव्ह केलं होतं का’ ही धाकधूक.

यात घडतं असं: यंत्र प्रोसेसर बंद करतं, पण मेमरीला जेमतेम जिवंत ठेवण्याइतकी वीज देत राहतं. गेमची सगळी अवस्था त्या मेमरीत जशीच्या तशी पडून असते. जागं होताना नव्याने काहीच लोड करावं लागत नाही.

ज्याला सलग तीन तास मिळतात त्याला याचं अप्रूप नाही. पण भात शिजेपर्यंतची पंधरा मिनिटं, बाळ झोपल्यानंतरचा अनिश्चित अर्धा तास, गाडी येईपर्यंतचा वेळ, अशा तुकड्यांतच ज्याचा फावला वेळ येतो, त्याच्यासाठी हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. कॉम्प्युटर सुरू करून, अपडेट होऊ देऊन, गेम लोड करून खेळायला बसेपर्यंत ती पंधरा मिनिटं संपलेली असतात. मोठे गेम अर्धवट सोडून दिलेले अनेक प्रौढ हँडहेल्डवर ते पूर्ण करतात, ते याच कारणाने.

इथे विंडोजवरच्या हँडहेल्डचं घोडं पेंड खातं. विंडोजची झोप सावध असते. मध्येच जाग येते, बॅगेत यंत्र तापतं, बाहेर काढावं तर बॅटरी निम्मी. एसूस आणि मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये आणलेल्या रॉग एक्सबॉक्स अ‍ॅलीत विंडोजचा डेस्कटॉप बाजूला ठेवून थेट गेमचा पडदा उघडतो, त्याने परिस्थिती सुधारली आहे. तरी अंगभूत सवय पूर्ण जात नाही. उलट लेनोवोने लीजन गो एस स्टीमओएसवर, म्हणजे वॉल्व्हच्या लिनक्सवर आधारित प्रणालीवर आणला, तो याच दुखण्यामुळे.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. ऑनलाइन चुरशीचे गेम झोपत नाहीत. यंत्र झोपलं की सर्व्हरशी संपर्क तुटतो आणि तुम्ही सामन्याबाहेर. मित्रांसोबत रोज ऑनलाइन खेळणं हाच तुमचा मुख्य छंद असेल तर हँडहेल्डचा हा मोठा फायदा तुमच्यासाठी जवळपास शून्य आहे.

## बॅटरी किती चालेल: भागाकार करा

डब्यावर ‘२ ते ८ तास’ असं लिहिलेलं असतं. इतकी मोठी तफावत म्हणजे कंपनीने हात झटकले असं वाटतं, पण ती खरी आहे.

बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये मोजतात. गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत पाणी किती मावतं ते वॉट-अवर, नळ किती सोडला आहे ते वॉट. भागाकार केला की टाकी किती वेळ पुरेल ते कळतं.

पहिल्या स्टीम डेकची टाकी ४० वॉट-अवरची. शेतीचा, पत्त्यांचा, द्विमितीय उड्या मारण्याचा साधा गेम सगळं यंत्र मिळून ७-८ वॉट ओढतो: ४० भागिले ८, पाच तास. नवा कोरा, भव्य गेम २५ वॉटच्या आसपास ओढतो: दीड तासाहून थोडं जास्त. २०२३ च्या ओएलईडी डेकची टाकी ५० वॉट-अवरची आहे आणि पडदाही कमी वीज खातो, म्हणून तो त्याच गेमवर दोन तास आरामात ओढतो. पहिल्या रॉग अ‍ॅलीची टाकी ४० चीच होती, पण नळ जास्त मोठा. पूर्ण जोरात चालवलं की तास-सव्वा तासात चार्जर शोधावा लागायचा. कंपनीने पुढच्या वर्षी ‘अ‍ॅली एक्स’मध्ये टाकी थेट दुप्पट केली, ८० वॉट-अवर. (विमानात परवानगीशिवाय सोबत नेता येणाऱ्या बॅटरीची सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-अवर आहे, त्यामुळे टाकी वाढवत नेण्यालाही कुठेतरी भिंत आहेच.)

ही झटापट जुनी आहे. १९८९ मध्ये निन्टेंडोचा गेम बॉय आला तो हिरवट, बिनरंगी पडदा घेऊन. पडद्यामागे दिवाही नव्हता. पाठोपाठ सेगाचा गेम गियर रंगीत, उजळ पडदा घेऊन उतरला. तंत्रज्ञानात तो सरस होता. पण त्याला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते काही तासांतच माना टाकायचे. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा. गेम बॉय घडवणारे गुनपेई योकोई यांचा हिशोबच असा होता की जुनं, स्वस्त, रुळलेलं तंत्र हुशारीने वापरावं. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक खपले. गेम गियर विस्मरणात गेला.

तेव्हा ‘सगळ्यात ताकदवान हँडहेल्ड कोणता’ हा प्रश्न विचारताना ती ताकद किती मिनिटं टिकते हेही विचारा. चार्जरला बांधलेला हँडहेल्ड म्हणजे छोट्या पडद्याचा, महाग लॅपटॉप.

## पडदा, फ्रेम आणि वजन

रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या. स्टीम डेकवर १२८० गुणिले ८००, म्हणजे सुमारे दहा लाख ठिपके. रॉग अ‍ॅली आणि स्विच २ वर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर. आकडा दुप्पट, पण प्रत्येक ठिपका रंगवायला चिपला राबावं लागतं. सात-आठ इंचांच्या पडद्यावर हा फरक टीव्हीइतका जाणवत नाही. मजकूर थोडा रेखीव दिसतो, एवढंच. इथे आकड्याला भुलू नका.

फ्रेम म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते. इथे एक मजेशीर गणित आहे. ३० फ्रेमला प्रत्येक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला सुमारे १७. या दोहोंचा बरोबर मध्य २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० फ्रेम. आकड्यांत ४० हे ३० च्या जवळ दिसतं, पण हाताला ते ३० आणि ६० च्या मधोमध लागतं, आणि वीज ६० पेक्षा बरीच कमी जाते. म्हणून डेक वापरणारी मंडळी फ्रेमची मर्यादा ४० वर बांधतात. हे वाचून ‘आता हेही करायचं?’ असं वाटलं असेल, तर हातातला पीसी तुमच्यासाठी नाही. निन्टेंडोकडे वळा, तिथे ही कामं गेम बनवणाऱ्यानेच करून ठेवलेली असतात.

वजनाकडे मात्र कोणी पाहत नाही आणि पाहायला हवं. स्विच लाइट २७५ ग्रॅम, स्विच ओएलईडी सुमारे ४२० ग्रॅम, स्विच २ साधारण ५३५, स्टीम डेक ओएलईडी ६४०, पहिला लीजन गो ८५० च्या पुढे. टेबलावर कोपर टेकवून हे सगळे चालतात. बिछान्यात पाठीवर पडून खेळायचं असेल तर विसाव्या मिनिटाला मनगट बोलायला लागतं, आणि डुलकी लागली तर यंत्र नाकावर येतं.

## ‘पण फोन आहे की खिशात!’

सगळ्यात रास्त आक्षेप हाच. आजचा बरा फोन चिपच्या ताकदीत जुन्या स्विचला सहज मागे टाकतो. पत्ते, बुद्धिबळ, कोडी, एका अंगठ्याचे गेम यांसाठी वेगळं यंत्र घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तुमची भूक एवढीच असेल तर हा लेख इथेच थांबवला तरी चालेल.

अडचण दोन ठिकाणी आहे. काचेवर बोट ठेवलं की तेवढा पडदा झाकला जातो आणि बटण दाबल्याचं बोटाला कळत नाही. आणि फोनवर बरेच गेम फुकट असतात ते मधूनमधून खिशात हात घालता यावा म्हणूनच: थांबा नाहीतर पैसे भरा, जाहिरात पाहा आणि पुढे जा. कन्सोलवर साधारणपणे एकदा पैसे भरले की गेम तुम्हाला एकटं सोडतो.

फोनला दोन्ही बाजूंनी चिकटणारा कंट्रोलर मिळतो. तो हँडहेल्डच्या किंमतीच्या मानाने फारच स्वस्त पडतो आणि बटणांचा प्रश्न पूर्ण सोडवतो. शंका असेल तर पहिली पायरी म्हणून मी तोच सुचवीन. फोनची बॅटरी मात्र उतरते, आणि ऐन लढाईत फोन वाजतो.

## ‘लॅपटॉपवर खेळेन’, ‘क्लाउडवर खेळेन’

गेमिंग लॅपटॉप आधीच असेल आणि टेबलाशी बसायला वेळ मिळत असेल, तर ताकदीच्या बाबतीत हँडहेल्ड त्याच्या जवळपासही येत नाही. डेकची चिप स्वतः फार तर १५ वॉटवर चालते, लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड एकटंच त्याच्या कितीतरी पट खातं. कीबोर्ड-माउसचे डावपेचाचे गेम, छोट्या अक्षरांचे नकाशे, हे सगळं लॅपटॉपवरच बरं. हँडहेल्ड लॅपटॉपची जागा घेत नाही, सोफ्याची घेतो.

क्लाउडमध्ये गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमच्याकडे नुसतं चित्र येतं. एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ सेवा ७२० रिझोल्यूशनच्या ६० फ्रेमसाठी निदान १५ एमबीपीएस वेग मागते. वेग मिळेलही, पण खरी गोम उशिरात आहे. बटण दाबल्याची खबर सर्व्हरला जाऊन चित्र परत येईपर्यंत जो वेळ जातो तो तुम्ही सर्व्हरपासून किती दूर आहात यावर ठरतो. कथाप्रधान गेमला तो खपतो, मारामारीच्या गेमला खपत नाही. चालत्या गाडीत तर विसराच. प्रवासासाठी हँडहेल्ड घेणाऱ्याने क्लाउडच्या भरवशावर राहू नये.

## तुमचा गेम तुमच्या यंत्रावर चालतो का?

स्टीम डेकवर विंडोजचे गेम ‘प्रोटॉन’ नावाच्या थरातून चालतात. तो थर विंडोजच्या मागण्या लिनक्सला कळतील अशा करून सांगतो, आणि हे काम तो थक्क व्हावं इतकं चांगलं करतो. पण ऑनलाइन फसवणूक रोखणारी काही गेमांची अँटी-चीट सॉफ्टवेअर या थराला आत घेत नाहीत. फोर्टनाइट, व्हॅलोरंट आणि डेस्टिनी २ स्टीमओएसवर चालत नाहीत. तुमचा जीव त्यांतल्याच एखाद्यात अडकला असेल तर बाकी सगळे गुण फुकट.

स्टीमवर प्रत्येक गेमच्या पानावर डेकसाठीचा शेरा असतो: पारखलेला, जमण्यासारखा, न चालणारा. तुमच्या आवडीचे पाच गेम काढा आणि शेरे पाहा. पाचांतले दोन न चालणारे निघाले तर विंडोजचा हँडहेल्ड पाहा. पाचही निन्टेंडोचेच निघाले तर प्रश्नच मिटला. आणि पाच नावं सुचलीच नाहीत तर? तर घाई कशाला?

## विकत घेतलं म्हणजे आपलं झालं का?

पूर्ण नाही. डिजिटल गेम घेताना आपण वापरायचा परवाना घेतो, आणि २०२४ पासून स्टीम हे पैसे भरतानाच स्पष्ट लिहून दाखवतं. निन्टेंडोने २७ मार्च २०२३ रोजी ३डीएसचं ऑनलाइन दुकान विक्रीसाठी बंद केलं. घेतलेले गेम पुन्हा उतरवायची मुभा राहिली, पण जे फक्त तिथेच मिळत होते ते सरळ मार्गाने मिळणं संपलं.

‘मग मी कार्ट्रिजच (डब्यात मिळणारं गेमचं कार्ड) घेईन’ म्हणणाऱ्यांनी स्विच २ च्या ‘गेम-की कार्ड’ची माहिती घ्यावी. डबा मिळतो, कार्डही मिळतं, पण कार्डात गेम नसतो, किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्ड आत असायलाच हवं. म्हणजे जागाही भरली आणि कार्डही सांभाळायचं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ते दुसऱ्याला विकता येतं. डब्याच्या दर्शनी भागावर याची सूचना असते, ती वाचून मगच पैसे द्या.

हातातल्या पीसीचं पारडं इथे जड आहे. यंत्र मोडलं, दहा वर्षांनी दुसऱ्या कंपनीचं घेतलं, तरी खातं तेच आणि गेमही तेच.

## काय बिघडतं

दोन गोष्टी: काडी आणि बॅटरी.

काडी म्हणजे अंगठ्याने फिरवायची जॉयस्टिक. साध्या काडीत कार्बनच्या पातळ पट्टीवर एक टोक घासत फिरतं आणि त्यावरून दिशा कळते. घासून घासून पट्टी झिजते, मग तुम्ही हातही न लावता पात्र आपोआप डावीकडे चालू लागतं. याला ड्रिफ्ट म्हणतात. स्विचच्या जॉय-कॉनमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सुट्या कंट्रोलरमध्ये, हा दोष इतका गाजला की प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२० मध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी गैरसोयीबद्दल माफी मागितली. ‘हॉल इफेक्ट’ काडीत घासणारा भागच नसतो, चुंबकावरून दिशा कळते. ती जास्त टिकते. पण स्विच २ मध्येही निन्टेंडोने ती दिलेली नाही.

बॅटरी लिथियमची, त्यामुळे ती म्हातारी होणारच. सतत पूर्ण चार्ज आणि गरम ठेवली तर लवकर. स्विच २ मध्ये साधारण ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे, ती चालू करून टाका. महिनोन्महिने वापरणार नसाल तर निम्म्यावर चार्ज करून ठेवा, रिकामी ठेवू नका. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता यावी असा नियम लागू होतोय, त्याचा फायदा पुढच्या पिढीच्या यंत्रांत इतरांनाही मिळावा अशी आशा ठेवायला हरकत नाही.

## मुलांसाठी घ्यायचा असेल तर

इथे मी निन्टेंडोच्याच बाजूने आहे. पालकांच्या फोनवरच्या अ‍ॅपमधून रोजच्या खेळाची मर्यादा बांधता येते, खरेदी अडवता येते, आणि स्विच २ वर १६ वर्षांखालच्या मुलांना गप्पांची सोय पालकांच्या परवानगीशिवाय उघडत नाही. हातातला पीसी हा शेवटी पीसी असतो, त्यावर पहारा ठेवणं जास्त कटकटीचं. स्विच लाइट घेताना एवढं बघा की तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याच्या काड्या यंत्रातच बसवलेल्या असतात, ड्रिफ्ट झाला तर अख्खं यंत्र दुरुस्तीला.

## थांबावं, की वापरलेला घ्यावा?

किंमत उतरेल म्हणून थांबण्यात सध्या फारसा अर्थ नाही, ते वर आलंच. नवं मॉडेल येईल म्हणून थांबायचं तर कायमच थांबावं लागेल. पण तुमचे पाच गेम ठरले नसतील तोवर थांबा. ते थांबणं फुकटचं आहे आणि फायद्याचं.

वापरलेला हँडहेल्ड हा चांगला मार्ग आहे, कारण नव्याचे नऊ दिवस संपल्यावर कपाटात पडलेली यंत्रं बाजारात बरीच येतात. समोर बसून तपासा. सेटिंगमध्ये काडी तपासायचा पडदा असतो, त्यात काडी सोडल्यावर खूण मधोमध येऊन स्थिर राहते का पाहा. पाठ फुगलेली नाही ना, पडदा उचललेला नाही ना, हे बोट फिरवून बघा. फुगलेली बॅटरी दिसली तर सौदा तिथेच सोडा. मागच्या मालकाचं खातं त्याच्याच हातून काढून घ्या. स्विच २ असेल तर तुमच्यासमोर ऑनलाइन दुकान उघडायला सांगा, कारण नकली गेम कार्ड वापरल्यामुळे निन्टेंडोने काही यंत्रं ऑनलाइन सेवेतून कायमची बाहेर काढली आहेत, आणि ही बंदी यंत्रावर असते. मालक बदलला तरी ती उठत नाही.

नवा घेतला तर परतीची मुदत संपायच्या आत त्याला चांगलं राबवून घ्या. पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या चित्रावर पडद्यातले मेलेले ठिपके शोधा. तुमचा सगळ्यात जड गेम लावून बॅटरी शंभरावरून शून्यावर येऊ द्या आणि घड्याळ लावा. रात्री गेम चालू असतानाच झोपवा, टक्के लिहून ठेवा, सकाळी पाहा: दोन-चार टक्के उतरले तर ठीक, पंधरा-वीस उतरले तर परत द्यायची पावती शोधा.